बॉनेटवरचं ‘डीआय’ आणि जुन्या ट्रॅक्टरचा हिटर प्लग

हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, आकडे नीट लिहिलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका छोट्या प्रश्नाने करू. पुढच्या वेळी रस्त्यात तुमच्या पुढे ट्रॅक्टर आला आणि ओव्हरटेक करायला जागा मिळत नसेल, तर चिडण्याऐवजी त्याच्या बॉनेटवर काय लिहिलंय ते बघा. २७५ डीआय. ४७५ डीआय. १०३५ डीआय. २४१ डीआय. कंपनी बदलते, आकडा बदलतो, पण ‘डीआय’ ही दोन अक्षरं जागची हलत नाहीत. मी गावाकडे चार-पाच जणांना विचारलं, याचा अर्थ काय? एक म्हणाला ‘डिझेल इंजिन’, एक म्हणाला ‘डिझेल इंडिया’, एक म्हणाला, “कंपनीचं काहीतरी असेल, तुला काय करायचंय?”

अर्थ आहे डायरेक्ट इंजेक्शन. म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. आता विचार करा, एखादी गोष्ट बॉनेटवर ठळक अक्षरात लिहावी लागते ती कधी? जेव्हा गिऱ्हाइकाला आधीचं काहीतरी नको झालेलं असतं तेव्हा. पूर्वी बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये डिझेल थेट सिलिंडरमध्ये जात नव्हतं. आणि ते ट्रॅक्टर थंडीत सकाळी चालू व्हायला जाम त्रास द्यायचे. त्या त्रासावरचा इलाज म्हणजे हिटर प्लग, ज्याला पुस्तकात ग्लो प्लग म्हणतात.

आज त्या प्लगचा इतिहास सांगणार आहे, आणि तो प्लग तपासायचा कसा तेही. दोन्ही एकाच भागात का? कारण हिटर प्लग तपासायची जी पद्धत सगळ्यात जास्त सांगितली जाते, ती एका प्रकारच्या प्लगला बरोबर लागू पडते आणि दुसऱ्या प्रकारच्या प्लगला दोन-चार सेकंदात जाळून टाकते. कुठला प्लग कुठल्या प्रकारचा, हे कळायला इतिहास लागतो. आणि जुन्या ट्रॅक्टरचे प्लग तालुक्याच्या दुकानात लगेच मिळतातच असं नाही, त्यामुळे जळालेला प्लग म्हणजे पैसे तर गेलेच, पण कामाचे दिवसही गेले.

आग कुठून आणायची?

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते. स्पार्क प्लग टिचकी मारतो, मिश्रण पेटतं. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. तिथे नुसती हवा आत घेतात, ती इतकी दाबतात की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ना, तेच तत्त्व. फक्त इथे हवा १६ ते २० पट दाबतात.

थोडं गणित. सकाळी हवा २७ अंश असेल आणि ती १७ पट दाबली, तर कागदावर ती ५०० अंशांच्या वर जाते. डिझेल पेटायला हे भरपूर झालं. पण यात एक गोम आहे. सुरुवातीचं तापमान १ अंशाने घसरलं, की शेवटचं तापमान अडीच-पावणेतीन अंशांनी घसरतं. म्हणजे २७ ऐवजी ५ अंशांवर सुरुवात केली, तर शेवटी साधारण ६० अंश कमी. आणि हे कागदावरचं गणित. प्रत्यक्षात थंड लोखंड हवेतली उष्णता पिऊन टाकतं. ऑइल घट्ट झालेलं असतं, थंडीत बॅटरीचा जोरही कमी, त्यामुळे सेल मारला की इंजिन हळूहळू फिरतं. हळू फिरलं की हवेला रिंगच्या फटीतून निसटायला आणि थंड व्हायला आणखी वेळ मिळतो. सगळी संकटं एकाच दिशेने येतात.

आपल्याकडे कुठे एवढी थंडी, असं म्हणाल. माझं आजोळ निफाड तालुक्यात आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथला पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्या दिवसांत पहाटे जुना ट्रॅक्टर चालू करायचा म्हणजे रात्रीच तो उतारावर लावून ठेवायचा, किंवा सकाळी दुसऱ्या ट्रॅक्टरला टोचन लावून ओढायचा, हे माझ्या मामांच्या पिढीला पाठ आहे.

फुंकणीचा दिवा आणि स्टिअरिंगचं हँडल

आता जरा मागे जाऊ. इंग्लंडमध्ये हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट नावाच्या इंजिनिअरने १८९० मध्ये एका तेलाच्या इंजिनाचं पेटंट घेतलं. ग्रँथम गावच्या रिचर्ड हॉर्नस्बी अँड सन्स या कारखान्याने ते बनवून विकायला सुरुवात केली. याला हॉट बल्ब इंजिन म्हणतात. बल्ब म्हणजे दिवा नव्हे, सिलिंडरच्या डोक्यावरचा लोखंडी पोकळ गोळा. चालू करायच्या आधी तो ब्लो लॅम्पने काही मिनिटं तापवायचा. तापला की त्यात तेल सोडायचं, चाक फिरवायचं, इंजिन सुरू. एकदा सुरू झालं की ज्वलनाच्या उष्णतेने गोळा आपोआप तापलेला राहतो, दिवा विझवून टाकायचा.

रुडॉल्फ डिझेलने वेगळी वाट धरली. त्याचं म्हणणं, बाहेरून काही तापवायचंच नाही, हवा पुरेशी दाबा. १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला त्याच्या इंजिनाची रीतसर चाचणी झाली आणि इंधनातली जवळजवळ २६ टक्के ऊर्जा कामाला लागली. वाफेच्या इंजिनांच्या जमान्यात हा आकडा म्हणजे कमाल होती. पण डिझेलसाहेबांच्या इंजिनात तेल फवारायला वेगळा हवेचा कॉम्प्रेसर लागायचा. कारखान्यात, जहाजावर ते ठीक. शेतात फिरणाऱ्या यंत्रावर एवढा पसारा कोण चढवणार?

म्हणून शेतात आधी पोचला तो हॉट बल्ब. १९२१ मध्ये जर्मनीतल्या मानहाइम शहरात हाइनरिक लान्झच्या कारखान्याने ‘बुलडॉग’ ट्रॅक्टर आणला. डिझाइन फ्रिट्झ हूबर यांचं, एक सिलिंडर, १२ हॉर्सपॉवर. समोर ब्लो लॅम्प लावायचा, गोळा तापवायचा. नंतरच्या बुलडॉगमध्ये तर स्टिअरिंग त्याच्या दांड्यासकट उपसून काढायचं, बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये घालायचं आणि त्याचंच हँडल करून इंजिन फिरवायचं. चालू झालं की स्टिअरिंग परत जागेवर. गंमत म्हणजे पहिल्या बुलडॉगला रिव्हर्स गिअर नव्हता. इंजिनच उलटं फिरवून ट्रॅक्टर मागे घ्यायचे. आणि हा ट्रॅक्टर तेलाच्या बाबतीत अजिबात नखरे करायचा नाही. हलकं, जाडं, हाताला लागेल ते तेल पचवायचा. पण रोज सकाळी आधी दिवा, मग हँडल, मग काम.

लान्झचा कारखाना पुढे १९५६ मध्ये जॉन डिअरने घेतला. म्हणजे पुण्याजवळ सणसवाडीत ज्या कंपनीचे हिरवे ट्रॅक्टर बनतात, तिच्या जर्मनीतल्या कारखान्याची मुळं या दिवा लावून चालू होणाऱ्या बुलडॉगपर्यंत जातात.

छोटी खोली, मोठी अडचण

त्याच मानहाइम शहरात दुसरी कंपनी होती, बेंझ. तिथे प्रॉस्पर लोरांज नावाचा इंजिनिअर कामाला होता. कॉम्प्रेसरशिवाय डिझेल कसं फवारायचं, हा त्याच्यापुढचा प्रश्न. १९०९ मध्ये त्याने एका युक्तीचं पेटंट घेतलं. सिलिंडरच्या डोक्यात एक छोटी खोली काढायची. डिझेल आधी तिथे फवारायचं. त्यातलं थोडं तिथेच पेटतं, दाब वाढतो, आणि उरलेलं डिझेल बारीक भोकांतून जोरात मुख्य सिलिंडरमध्ये फेकलं जातं. म्हणजे नीट मिसळायचं काम पंपाऐवजी तो छोटा स्फोटच करतो. याला प्री-चेंबर म्हणतात. डिझेल इथे वळसा घालून येतं, म्हणून हे इनडायरेक्ट इंजेक्शन.

फायदे मोठे होते. पंपाला फार दाब द्यावा लागत नाही, नोझल साधं चालतं, इंजिनाचा खडखडाट कमी. १९२२ च्या सुमारास आलेला बेंझ-झेंडलिंग हा डिझेलवर चालणारा ट्रॅक्टर याच वाटेने गेला. त्याच काळात श्टुटगार्टला बॉश कंपनी डिझेलच्या पंपावर काम करत होती, आणि १९२७ पासून असे पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागले. १९३१ मध्ये इंग्लंडच्या हॅरी रिकार्डो यांनी ‘कॉमेट’ नावाची गोल खोली आणली, ज्यात हवा भोवऱ्यासारखी फिरते. ती लंडनच्या बसमध्ये गेली, नंतर ट्रॅक्टरमध्येही आली.

पण खोली काढली की भिंती वाढल्या. एकाच आकाराच्या मोठ्या हॉलपेक्षा त्याचेच दोन भाग केले तर रंग जास्त लागतो, तसंच हे. भिंती जास्त, म्हणजे हवेतली उष्णता खाणारं थंड लोखंड जास्त. त्यात हवेला अरुंद गळ्यातून जावं लागतं, तिथेही उष्णता जाते. म्हणून या इंजिनांत हवा २० पट आणि त्याहून जास्त दाबतात, तरीही थंडीत ते पुरत नाही. इंधनही साधारण १० ते १५ टक्के जास्त लागतं.

मग सकाळी चालू करायचं कसं? प्रत्येकाने आपापला जुगाड केला. काही इंजिनांत सोऱ्यात भिजवून वाळवलेल्या कागदाची गुंडाळी पेटवून, एका स्क्रूच्या टोकाला खोचून, आत घालायचे. इंग्लंडच्या गेन्सबरो गावात १९४५ पासून बनलेल्या ‘फील्ड मार्शल’ ट्रॅक्टरला असा धुमसणारा कागद लागायचाच. वर त्याला बंदुकीसारखं रिकामं काडतूस घालून, हातोडीने टोला मारून चालू करायचीही सोय होती. हो, काडतूस! शेतात सकाळी सकाळी धडाम.

यातला सगळ्यात शहाणा इलाज म्हणजे विजेची तार. त्या छोट्या खोलीत तारेचं एक वेटोळं बसवायचं, बॅटरीने ते लालभडक करायचं. ३०-४० सेकंद थांबायचं, मग सेल मारायचा. डिझेलचा फवारा त्या तारेपाशी पेटतो. हाच ग्लो प्लग. कारमध्येही तो आला. १९३६ ची मर्सिडीज २६० डी ही प्री-चेंबरची गाडी. जर्मनीत प्लग तापेपर्यंत थांबायच्या त्या वेळाला लोक गमतीने ‘रुडॉल्फ डिझेलच्या स्मृतीप्रीत्यर्थ एक मिनिट’ म्हणायचे. आपल्या विहिरीवरच्या जुन्या इंजिनाला हे कधी लागलं नाही. तिथे वरची कळ उचलून दाब सोडायचा, हँडल मारून वेग घ्यायचा आणि कळ पाडायची. पण ट्रॅक्टरच्या चार सिलिंडरना हँडल मारणारा पैलवान रोज कुठून आणणार?

दोन घराणी

आता मुद्द्याची गोष्ट. ग्लो प्लगची दोन घराणी आहेत.

पहिलं, जुनं घराणं. उघड्या जाड तारेचं वेटोळं, वर दोन टोकं. वीज एका टोकाने आत, दुसऱ्याने बाहेर. असा एक प्लग दीड-पावणेदोन व्होल्टवर चालतो, पण करंट खातो ४० अँपिअरच्या आसपास. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा तर चारही प्लग एकामागे एक जोडायचे, आणि उरलेले व्होल्ट खायला मध्ये एक रेझिस्टन्सची तार घालायची. गणपतीच्या डेकोरेशनची जुनी लाइटची माळ आठवा. एक बल्ब गेला की सगळी माळ अंधारात. तीच ही सिरीज जोडणी.

दुसरं, नंतरचं घराणं. तार एका बंद धातूच्या नळीत, भोवती पांढरी भुकटी दाबून भरलेली. बाहेर पेन्सिलीसारखं टोक दिसतं. वर एकच टोक, दुसरी वाट इंजिनाच्या बॉडीतून. असा प्लग ११-१२ व्होल्टवर चालतो. प्रत्येकाला बॅटरीची वीज थेट मिळते, एक गेला तरी बाकीचे तापतात. ही पॅरलल जोडणी.

भारताशी याचा थेट संबंध आहे. १९६३ मध्ये महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ हा ट्रॅक्टर बनू लागला. मूळ डिझाइन हार्वेस्टरच्या इंग्लंडमधल्या शाखेचं. इंजिन इनडायरेक्ट. म्हणून त्याला हिटर प्लग, आणि तेही जुन्या घराण्यातले, एकामागे एक जोडलेले. पुढे १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली, इंजिन बदललं, डिझेल थेट सिलिंडरमध्ये जाऊ लागलं आणि २७५ च्या पुढे ‘डीआय’ लागलं. एका जुन्या नावाच्या पुढची ती दोन अक्षरं म्हणजे खरं तर बदलाची नोंद आहे. सॉफ्टवेअरवाले जसे व्हर्जन नंबर लिहितात, तशी.

असंच इंग्लंडमध्ये मॅसी फर्ग्युसन ३५ चं झालं. सुरुवातीला त्यात स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं इनडायरेक्ट डिझेल इंजिन होतं, थंडीत चालू न होण्यासाठी बदनाम. १९५९ च्या अखेरीस त्या जागी पर्किन्सचं तीन सिलिंडरचं डायरेक्ट इंजेक्शन इंजिन आलं. जुन्या ट्रॅक्टरचे शौकीन तिकडे आजही आधी विचारतात, तीन सिलिंडरचा की चारचा? आपल्याकडे १९६० मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या टॅफेचे मॅसी ट्रॅक्टर याच तीन सिलिंडरच्या घराण्यातून पुढे वाढले.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये खोली नाही, भिंती कमी, उष्णता कमी वाया जाते. म्हणून बहुतेक डीआय ट्रॅक्टरच्या सिलिंडरमध्ये हिटर प्लग नसतोच. फार तर हवा आत घेणाऱ्या पाइपात एक छोटा हिटर असतो. त्या पर्किन्सला ‘थर्मोस्टार्ट’ होता: तार तापते, तिच्या उष्णतेने एक छोटी झडप उघडते, डिझेलचे थेंब पडतात, पेटतात, आणि आत जाणारी हवा गरम होते.

मागच्या थंडीत आजोळच्या शेजारच्या गावात एका कॉलेजच्या पोराने घरचा जुना ट्रॅक्टर मनावर घेतला. मोबाइलवर व्हिडिओ बघितला. त्यात सांगितलेलं: प्लग काढा, बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला, टोक पॉझिटिव्हला, लाल झाला तर चांगला. त्याने पहिला प्लग लावला. क्षणभर पांढराशुभ्र उजेड आणि संपला. त्याला वाटलं हाच खराब होता. दुसरा लावला, तेच. तिसरा, तेच. मामा सांगत होते, “पोरगं हुशार रे, पण प्लग होते जुने, आणि व्हिडिओ होता नव्या प्लगचा.” पावणेदोन व्होल्टच्या तारेला १२ व्होल्ट दिले की पहिल्या क्षणी तिच्यात साधारण ५० पट पॉवर ओतली जाते. ती जळणारच. त्या व्हिडिओत खोटं काहीच नव्हतं, फक्त तो दुसऱ्या घराण्यासाठी होता. गहू पेरणीच्या तोंडावर त्या घरचा ट्रॅक्टर नाशिकहून प्लग येईपर्यंत उभा राहिला.

आता तपासायचं कसं

आधी ओळखा. बॉनेट उघडा, नोझलच्या जवळ बघा. एका प्लगवरून दुसऱ्यावर पट्ट्या गेल्यात, प्रत्येक प्लगला दोन जोड आहेत, पहिल्याला वीज येते आणि शेवटच्याची वायर बॉडीला, म्हणजे सिरीज. एकच सलग पट्टी सगळ्यांच्या एकेका टोकाला लागलीय, म्हणजे पॅरलल. काहीच नाही, तर तुमचा बहुधा डीआय आहे. हवेच्या पाइपात हिटर शोधा.

पॅरलल असेल तर काम सोपं. चावी बंद, पट्टी सोडवा, म्हणजे प्रत्येक प्लग सुटा होईल. साधा १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्या, एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं प्लगच्या टोकाला. पेटला तर आतली तार शाबूत, नाही पेटला तर तुटलेली. मल्टीमीटरने ओहम मोजायचे तर चांगला प्लग थंड असताना साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. पण स्वस्त मीटरच्या वायरींचाच अर्धा ओहम असतो, म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून जो आकडा येईल तो वजा करा. प्लग बाहेर काढून १२ व्होल्टवर लाल करून बघायची पद्धत फक्त या घराण्याला चालते, आणि तीही प्लगवर १२ व्होल्ट लिहिलेलं असेल तरच. पकडीत धरा, हातात नको. क्लॅम्प मीटर असेल तर करंट मोजा, पण तो डीसी मोजणारा हवा. घरगुती वायरिंगवाल्यांकडचे बरेचसे फक्त एसी मोजतात.

सिरीज असेल तर प्लग काढू नका, बॅटरीला लावू नका, आणि ओहम मोजण्यात वेळ घालवू नका. पावणेदोन व्होल्ट भागिले ४० अँपिअर म्हणजे ०.०४ ओहम. चांगला प्लगही साध्या मीटरवर शून्यच दाखवणार आणि आतून शॉर्ट झालेलाही शून्यच. इथे व्होल्ट मोजायचे.

आधी डॅशबोर्ड बघा. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरवर छोट्या जाळीमागे एक तार असते, ती प्लगबरोबर लाल होते. हे मला इंजिनिअर म्हणून फार आवडलेलं डिझाइन आहे. आजच्या कितीतरी गाड्यांत तो पिवळा वेटोळ्याचा दिवा ठरावीक वेळाने विझतो, प्लग तापला की नाही याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. जुन्या जाळीतली तार त्याच सर्किटचा भाग आहे, तिच्यातून गेलेली वीजच प्लगमधून जाते. ती लाल झाली तर माळ अखंड आहे. अजिबातच नाही झाली तर कुठेतरी तुटलीय. नेहमीपेक्षा पटकन आणि जास्त भडक झाली तर कुठला तरी प्लग शॉर्ट असल्याचा संशय घ्या.

तुटलंय कुठे, हे शोधायला मधून सुरुवात करा. कोणाला तरी हिटर चालू धरायला सांगा. मीटरचं काळं टोक इंजिनाच्या बॉडीला, लाल टोक दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लगच्या मधल्या जोडाला. जवळजवळ १२ व्होल्ट आले तर तिथपर्यंत वीज पोचलीय आणि पुढे वाट नाही: दोष तिसऱ्यात, चौथ्यात किंवा अर्थिंगमध्ये. शून्य आलं तर दोष अलीकडे: पहिला, दुसरा, रेझिस्टन्स किंवा स्विच. मग उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध तेच करा. कोडमध्ये बग शोधताना आम्ही हेच करतो, याद्या अर्ध्या-अर्ध्या करत जातो. दोन-तीन मोजण्यांत गुन्हेगार सापडतो, एकही पाना न लावता.

माळ अखंड असेल तर प्रत्येक प्लगच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजा. चारही दीड-पावणेदोनच्या आसपास, तर छान. एकावर शून्याजवळ आणि बाकीच्यांवर जास्त, तर तो एक शॉर्ट आहे. तो लवकर बदला, कारण त्याचा वाटा आता बाकीचे तीन सोसतायत आणि तेही लवकर जातील. याच कारणाने, मेलेल्या प्लगला वायरने बायपास करून ट्रॅक्टर चालवायचा जुगाड एखाद्या दिवसापुरता ठीक, कायमचा नाही.

एक धोक्याची सूचना, ही मनावर घ्या. चालू होत नाही म्हणून हवेच्या तोंडात ईथरचा स्प्रे मारायची सवय काही जणांना असते. हिटर प्लग किंवा हवेचा हिटर असलेल्या इंजिनात हे अजिबात करू नका. तापलेल्या तारेवर ईथर गेलं की ते नको त्या वेळी पेटतं. पिस्टन, रिंग फुटतात, माणसाचं तोंड भाजू शकतं.

आणि प्लग सगळे चांगले निघाले तर? मग बॅटरीचे जोड, सेलचा वेग, डिझेलने धरलेली हवा, गळकं नोझल आणि कॉम्प्रेशन, या क्रमाने जा. गळकं नोझल तर प्लगचाही जीव घेतं. त्यामुळे एकाच सिलिंडरचा प्लग पुन्हा पुन्हा जात असेल तर प्लगला शिव्या देण्याआधी नोझल तपासायला द्या.

हे सगळं अजून कोणाला लागणार?

वाटतं त्यापेक्षा जास्त जणांना. हिटर प्लग काही संग्रहालयात गेलेला नाही. द्राक्षबागेच्या दोन ओळींतून जाणारे छोटे ट्रॅक्टर बघा; कुबोटासारख्यांच्या छोट्या इंजिनांत डिझेल अजून छोट्या खोलीतच फवारतात, आणि तिथे ग्लो प्लग आहे, पॅरलल जोडणीचा. आजच्या डिझेल कार तर डायरेक्ट इंजेक्शनच्या असूनही ग्लो प्लग वापरतात, कारण थंड इंजिनाचा धूर कमी करायचा असतो. आणि गावोगावी साठ-सत्तरच्या दशकातले ट्रॅक्टर अजून पाण्याचा टँकर ओढतायत, मळणी करतायत. त्यांच्या मालकांना नवा ट्रॅक्टर परवडत नाही म्हणून ते चालू ठेवावे लागतात, हौस म्हणून नाही.

ज्या मेस्त्रींनी या माळा जन्मभर जोडल्या, ते आता सत्तरीत आहेत. मामांच्या गावचे मेस्त्री प्लगची पट्टी लांबून बघूनच सांगतात, “ही माळ हाय, हिला बॅटरी दाखवू नको.” त्यांनी हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, आणि व्हिडिओ करणाऱ्यांपैकी फार जण त्यांच्याकडे जाऊन विचारत नाहीत. तुमच्या गावात असे कोणी असतील तर या सुट्टीत मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर बसा, प्रश्न विचारा आणि रेकॉर्ड करा. व्हिडिओ टाकताना सुरुवातीला एक वाक्य नक्की घाला: हा कुठल्या ट्रॅक्टरचा, कुठल्या जोडणीचा प्लग आहे. तेवढ्या एका वाक्याने त्या पोराचे तीन प्लग वाचले असते.

तुमच्या घरी जुना ट्रॅक्टर असेल तर बॉनेटवर ‘डीआय’ आहे का ते बघा, नसेल तर प्लगच्या पट्टीचा फोटो काढून मला पाठवा. सिरीज की पॅरलल, आपण मिळून ओळखू. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि सेल मारायच्या आधी प्लग नीट तापू द्या!